यूबिकी ५ एनएफसी: पुढच्या दाराला कुलूप, मागच्या खिडकीचं काय?

किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली तर वेगळी ओळखू येणार नाही, अशी काळी चपटी पट्टी. वजन तीन ग्रॅमच्या आसपास. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला कडी घालायचं भोक, मध्ये सोनेरी गोल चकती आणि तिच्यावर वाय हे अक्षर. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, सुटा होणारा भाग नाही. संगणकात घातली की चकतीतला हिरवा दिवा लुकलुकतो आणि विझतो, तेवढंच तिचं बोलणं. पट्टी एकसंध साच्यातली आहे आणि तिला आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा आहे, त्यामुळे पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेली तरी सहसा काही होत नाही.

दिसते पेन ड्राइव्हसारखी, पण हिच्यात फाइल ठेवता येत नाही. हिचं मुख्य काम एकच: लॉगिन करणारा माणूस खरा आहे आणि ज्या साइटवर तो लॉगिन करतोय ती साइटही खरी आहे, या दोन्ही गोष्टी एका स्पर्शात पक्क्या करणं. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जाहिरातींत नीट सांगितलेली नसते.

निकाल आधीच सांगून ठेवलेला बरा. वस्तू उत्तम आहे. पण एकटी घेऊ नका, जोडी घ्या. आणि ही किल्ली (पुढे नुसतं ‘की’) खात्याला लावल्यावर तिथला मोबाइल नंबरचा रस्ता बंद करायची तयारी नसेल, तर घेऊच नका. पैसे वाया जातील आणि वर उगाच सुरक्षित वाटत राहील, जे जास्त वाईट.

ओटीपी असताना ही कशाला?

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे ऐकून ऐकून कान किटले असतील. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. फोन करून ओटीपी विचारणारा चोर दरवेळी असतोच असं नाही. माणूस आपल्याच हाताने, आपण बरोबर जागी आहोत अशा पूर्ण खात्रीने, ओटीपी टाइप करतो. समोरचं पान म्हणजे नुसती नक्कल नसते, मधे बसलेला दलाल असतो. तुम्ही पासवर्ड टाकला की तो त्याच क्षणी खऱ्या साइटकडे सरकवतो. खरी साइट ओटीपी मागते, दलाल तुमच्यापुढे ओटीपीची चौकट उघडतो. तुम्ही सहा आकडे भरता, ते पुढे जातात, लॉगिन होतं, आणि खऱ्या साइटने दिलेली सेशन कुकी, म्हणजे ‘हा माणूस आत आलेला आहे’ ही खूण, दलालाच्या खिशात पडते. ऑथेंटिकेटर अॅपमधला कोड दर तीस सेकंदांनी बदलतो, पण या सगळ्याला तेवढाही वेळ लागत नाही.

फोनवर येणाऱ्या ‘लॉगिन मंजूर करा’ या सूचनेचंही तेच. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर अशा सूचनांचा मारा केला गेला. मग आयटी विभागातला माणूस असल्याचं भासवून त्याला निरोप पाठवला गेला, आणि शेवटी त्याने एक सूचना मंजूर केली. दमलेल्या माणसाकडून ‘हो’ काढून घेणं अवघड नसतं.

यूबिकी इथे वेगळी वागते. एखाद्या साइटवर तिची नोंदणी करताना ती त्या साइटपुरती किल्ल्यांची एक जोडी तयार करते. गुप्त अर्धा भाग कीच्या बाहेर उघडा कधीच येत नाही, सार्वजनिक अर्धा साइटकडे जातो. पुढच्या वेळी साइट एक यादृच्छिक आकडा पाठवते आणि की त्यावर सही करते. कुठल्या डोमेनसाठी (म्हणजे साइटच्या कुठल्या नावासाठी) सही हवी आहे हे माणूस सांगत नाही, ब्राउझर सांगतो, आणि ब्राउझर ते पत्त्याच्या पट्टीतून घेतो. इंग्रजी आर आणि एन ही अक्षरं शेजारी ठेवली की बारीक टायपात एम वाटतं. या युक्तीने बनवलेल्या नावाला भलेभले फसतात. की फसत नाही, कारण ती डोळ्याने वाचतच नाही. खोट्या डोमेनसाठी तिच्याकडे किल्लीच नसते. सही होत नाही, दलालाच्या हाती काही लागत नाही. वापरणाऱ्याला फार तर ‘ही की इथे नोंदवलेली नाही’ अशा अर्थाचा संदेश दिसतो. तो दिसला की कीला दोष देण्याआधी पत्ता बघावा.

हे कागदावरचं नाही. जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना एका मिनिटाच्या आत फिशिंगचे, म्हणजे खोट्या पानाकडे ओढणारे, एसएमएस आले. तिघांनी खोट्या पानावर पासवर्ड भरलाही. पण आत शिरायला प्रत्येकाकडे अशी की लागत होती, म्हणून हल्ला तिथेच थांबला. जवळपास त्याच सुमारास, तशाच हल्ल्यात ट्विलिओ ही कंपनी मात्र सापडली. गूगलने २०१७ मध्ये आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा की दिल्या, आणि त्यानंतर कामाच्या खात्यावर एकही यशस्वी फिशिंग नोंदलं गेलं नाही, असं पुढच्या वर्षी सांगितलं. क्लाउडफ्लेअरचे ते तिघे बेसावध होतेच. त्यांच्या बेसावधपणाची किंमत कंपनीला मोजावी लागली नाही, एवढाच फरक.

कोणतं मॉडेल

यूबिको ही २००७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेली कंपनी. तिच्या यादीत एवढी नावं आहेत की गोंधळ उडतोच. थोडक्यात सोडवू.

एनएफसी म्हणजे फोनला नुसती टेकवून चालण्याची सोय. ५ एनएफसी आणि ५सी एनएफसी यांच्यात फरक फक्त यूएसबीच्या तोंडाचा. जुनं रुंद तोंड हवं तर पहिली, यूएसबी-सी हवं तर दुसरी. फोनही यूएसबी-सीचा असेल तर डोळे मिटून ५सी एनएफसी घ्यावी. नॅनो नखाएवढी आहे आणि लॅपटॉपमध्ये कायम खोचून ठेवायला बनवलेली आहे. तिला एनएफसी नाही, आणि लॅपटॉप चोरीला गेला की तीही त्याच्यासोबत जाते. बायो बोटाच्या ठशावर चालते, तिलाही एनएफसी नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. ५ मालिका घ्यायची, की त्याच कंपनीची साधी ‘सिक्युरिटी की’ मालिका? साधीत फक्त फायडो, म्हणजे वर सांगितलेलं डोमेन ओळखणारं काम. ५ मध्ये त्याशिवाय ऑथेंटिकेटरचे सहा आकडी कोड, पीआयव्ही (स्मार्टकार्डाची) प्रमाणपत्रं, ओपनपीजीपी (ईमेलवर सही करण्याची आणि तो गुप्त ठेवण्याची पद्धत) आणि यूबिकोचा स्वतःचा ओटीपी. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन करणाऱ्याला, ईमेलवर पीजीपीने सही करणाऱ्याला, कंपनीच्या स्मार्टकार्ड लॉगिनवाल्याला ५ लागते. ज्याला फक्त ईमेल, क्लाउड, पासवर्ड मॅनेजर आणि सोशल मीडियाची खाती राखायची आहेत, त्याने एका ५ च्या मोहात न पडता दोन साध्या घ्याव्यात. फिशिंग अडवण्यात दोघी सारख्याच आहेत, जास्तीचे पैसे जास्तीच्या कामांचे आहेत.

घेताना एक गोष्ट मात्र नक्की बघा: फर्मवेअर, म्हणजे कीच्या आतला प्रोग्राम, ५.७ किंवा त्यापुढचं. हे मे २०२४ मध्ये आलं. यूबिकीचं फर्मवेअर नंतर बदलता येत नाही. जे घेऊन आली ते मरेपर्यंत. यावर लोक कुरकुर करतात आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण बदलता येणारं फर्मवेअर म्हणजे हल्लेखोरालाही बदलता येण्याची शक्यता. आमच्या मते कंपनीचा निर्णय बरोबर आहे, फक्त त्यामुळे दुकानात जुना माल गळ्यात पडू नये याची काळजी गिऱ्हाइकाला घ्यावी लागते. व्यापाऱ्याला आवृत्ती विचारा. हातात आल्यावर यूबिको ऑथेंटिकेटर या अॅपच्या पहिल्याच पडद्यावर ती दिसते.

५.७ चा आग्रह दोन कारणांसाठी. आधीच्या आवृत्तीत २५ पासकी (पासवर्डऐवजी चालणाऱ्या, कीमध्येच साठणाऱ्या किल्ल्या) मावायच्या, आता १०० मावतात. सहा आकडी कोडांची खातीही ३२ वरून ६४ झाली. आणि दुसरं, सप्टेंबर २०२४ मध्ये निन्जालॅबच्या संशोधकांनी जाहीर केलेला यूक्लीक हा दोष. त्याचं मूळ यूबिकोच्या नाही, चिप बनवणाऱ्या इन्फिनिऑनच्या चिपबरोबर येणाऱ्या गणिती लायब्ररीत होतं. सही करताना एका टप्प्याला लागणारा वेळ आकड्यानुसार किंचित बदलत होता, आणि चिपमधून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी मोजून त्यावरून गुप्त किल्ली काढता येत होती. ५.७ मध्ये ती लायब्ररीच काढून यूबिकोने स्वतःची घातली आहे.

ज्यांच्याकडे जुनी की आहे त्यांनी ती फेकायची का? बहुतेकांनी नाही. हा हल्ला करायला की प्रत्यक्ष हातात यावी लागते, तिचं कवच उघडावं लागतं, महागडी उपकरणं आणि ती चालवणारा तज्ज्ञ लागतो, बऱ्याचदा पासवर्ड किंवा पिनही आधी माहीत असावा लागतो. एखाद्या सरकारने ज्याच्या मागे माणसं लावावीत, अशा पत्रकाराने किंवा अधिकाऱ्याने बदलावी. बाकीच्यांसाठी जुनी यूबिकी ही एसएमएसच्या ओटीपीपेक्षा कितीतरी बरी.

पहिला अर्धा तास

पाकीट फोडून थेट फोनला टेकवली आणि काहीच घडलं नाही, तर की बिघडलेली नाही. ५.७ वाल्या कींचं एनएफसी वाहतुकीसाठी बंद करून पाठवतात. एकदा यूएसबीत घालून किमान तीन सेकंद ठेवली की जागं होतं. हे माहीत नसल्यामुळे चांगली की परत पाठवली जाते.

मग यूबिको ऑथेंटिकेटर उघडून पिन ठेवा. ‘पिन’ या शब्दाने फसू नका, चार आकड्यांचं बंधन नाही. अक्षरं चालतात आणि लांबी ६३ पर्यंत जाते. सहा-आठ अक्षरांचा, दुसरीकडे न वापरलेला शब्द पुरे, कारण इथे अंदाज बांधत बसायला वावच नाही. सलग तीनदा चुकला की की काढून पुन्हा घालावी लागते, एकूण आठ वेळा चुकला की फायडोचा भाग कुलूपबंद. त्यानंतर उपाय एकच, रीसेट, आणि रीसेट म्हणजे त्या कीवरच्या सगळ्या फायडो नोंदी कायमच्या गेल्या. पिन विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही. हा पिन साइटकडे जात नाही, कीच्या आतच तपासला जातो. पीआयव्ही आणि ओपनपीजीपी यांचे पिन निराळे असतात आणि कारखान्यातून १२३४५६ असे येतात. ते विभाग वापरणार असाल तर तेही पहिल्याच दिवशी बदला.

आता सगळ्यात चिडवणारी गोष्ट. नव्या यूबिकी ५ च्या चकतीला चुकून बोट लागलं की ती कीबोर्ड असल्यासारखी ४४ अक्षरं टाइप करते आणि वर एंटर दाबते. लॅपटॉप उचलताना अंगठा लागतो, आणि कार्यालयाच्या गटात ‘सीसीसीसी’पासून सुरू होणारी एक अगम्य ओळ जाऊन पडते. हा यूबिकोचा जुना ओटीपी. पहिली १२ अक्षरं त्या कीची ओळख, ती दरवेळी तीच. पुढची ३२ एकदाच वापरायची. अक्षरंही मुद्दाम ठरावीक सोळाच निवडलेली आहेत, निरनिराळ्या भाषांच्या कीबोर्ड मांडणीत ज्यांची जागा सहसा बदलत नाही अशी. अशी ओळ गटात गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. तो ओटीपी तुम्ही कुठेच लावला नसेल तर त्याला काही किंमत नाही. लावला असेल तर त्याच कीने पुन्हा एकदा लॉगिन करा, आतला मोजक पुढे गेला की मागची ओळ बाद होते.

कायमचा उपाय सोपा आहे. अॅपमध्ये कुठली कामं चालू ठेवायची याची यादी असते, यूएसबीसाठी वेगळी आणि एनएफसीसाठी वेगळी. दोन्हीकडून यूबिको ओटीपी बंद करा. एनएफसीकडचं बंद करायला विसरलात तर फोनजवळ की नेली की ब्राउझर आपोआप यूबिकोचं पान उघडू लागतो. ज्यांना हा ओटीपी लागतोच, त्यांनी तो दुसऱ्या कप्प्यात हलवावा. मग नुसत्या स्पर्शाने नाही, बोट काही सेकंद धरून ठेवलं तरच तो बाहेर पडतो.

अॅपमध्ये सहा आकडी कोड ठेवणार असाल तर त्या विभागाला वेगळा पासवर्ड लावा. तो मुळात नसतो! फायडोचा पिन इथे लागू होत नाही. पासवर्ड न लावता की हरवली, तर सापडलेल्या माणसाला ती नुसती आपल्या संगणकात घालून तुमच्या खात्यांची नावं आणि चालू कोड वाचता येतात. या गोष्टीकडे जाणकारांचंही दुर्लक्ष होतं. आणि कीला स्वतःचं घड्याळ नसतं, वेळ ती फोनकडून किंवा संगणकाकडून घेते. कोड सतत चुकीचा येत असेल तर आधी त्यांचं घड्याळ तपासा.

दोन का, आणि नोंदणीचा क्रम

एका यूबिकीची प्रत काढता येत नाही. फायडोची गुप्त किल्ली बाहेरच येत नाही म्हटल्यावर दुसऱ्या कीत भरणार कशी? म्हणून प्रत्येक साइटवर दोन्ही की वेगवेगळ्या नोंदवाव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक लोक इथेच ‘दुसरी नंतर करू’ म्हणतात. ते नंतर कधी येत नाही. अॅपलने हा प्रश्न सक्तीने सोडवला: जानेवारी २०२३ मध्ये आयओएस १६.३ पासून अॅपल खात्याला की लावायची तर किमान दोन द्याव्याच लागतात, जास्तीत जास्त सहा. बाकीच्या सेवा एकीवर गप्प बसतात.

सहा आकडी कोडांचं मात्र उलट आहे. तिथे क्यूआर कोडमध्ये जे गुपित असतं तेच दोन्ही कींत चालतं. पडद्यावर क्यूआर असतानाच तो एकदा पहिल्या कीसाठी आणि लगेच दुसऱ्या कीसाठी वाचून घ्यायचा. पान बंद केल्यावर आठवलं, तर सगळं पहिल्यापासून.

सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे विसरलेले पासवर्ड तिथेच येतात. मग पासवर्ड मॅनेजर. मग फोनचा बॅकअप ज्या क्लाउडवर जातो ते खातं. स्वतःचं डोमेन असेल तर ते जिथे नोंदवलंय ते खातं, कारण डोमेन गेलं की त्यावरचं ईमेलही गेलं. सोशल मीडिया शेवटी. आर्थिक सेवांपैकी कितीतरी अजून अशी की घेतच नाहीत, तिथे ती काही करू शकत नाही, आणि हा दोष कीचा नव्हे.

नोंदणी करताना साइट कीला नाव द्यायला सांगते. तिथे ‘की १’, ‘की २’ लिहू नका. ‘जुडग्यातली’ आणि ‘कपाटातली’ लिहा. एक हरवली की कुठली काढायची हे घाईतही कळतं. शिवाय एका वहीत साइटची यादी ठेवा. केवळ दुसरा घटक म्हणून, म्हणजे पासवर्डनंतरचा दुसरा टप्पा म्हणून, केलेल्या नोंदी कीमध्ये साठत नाहीत. साइट आपल्याकडची एक खूण परत देते आणि की त्या खुणेवरून किल्ली पुन्हा तयार करते. म्हणून अशा नोंदी हव्या तितक्या करता येतात, पण आपण कुठे कुठे नोंदवलेलो आहोत हे कीला सांगता येत नाही. पासकीचं तसं नाही. त्या कीच्या आत जागा घेतात आणि पिन दिल्यावर अॅपमध्ये दिसतात. काही साइट न विचारता पासकीच बनवतात, २५ वाल्या जुन्या की अशाने लवकर भरतात.

दुसरी की त्याच जुडग्यात अडकवलीत तर ती दुसरी नाहीच. वेगळ्या जागी ठेवा, शक्यतो वेगळ्या इमारतीत.

फोनवरचा वापर

आयफोनला की वरच्या कडेशी टेकवायची, अँड्रॉइडला बहुधा पाठीच्या मध्यावर, पण दर मॉडेलला जागा बदलते. एकदा सापडली की लक्षात राहते. टेकवून लगेच उचलू नका, फोन थरथरेपर्यंत धरा. धातूची पट्टी किंवा लोहचुंबक असलेलं कव्हर असेल तर एनएफसी अडखळतं. काही अँड्रॉइड फोनांवर पिन लागणारं लॉगिन एनएफसीवरून अडतं आणि तेच यूएसबी-सीतून बिनबोभाट होतं. ५सी एनएफसी घ्या म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

रोज रोज की काढावी लागेल ही भीती अनाठायी आहे. ओळखीच्या यंत्रावर बहुतेक सेवा एकदाच मागतात. नवा फोन, नवा ब्राउझर, पुसलेल्या कुकी, अशा वेळी परत.

जिथे यूबिकीचं काही चालत नाही

इथे विक्रेते गप्प होतात, म्हणून जरा थांबू.

पहिलं, लॉगिन झाल्यानंतरची चोरी. की दारावर पहारा देते, घरात शिरलेल्याला धरत नाही. संगणकात माहितीचोर प्रोग्राम शिरला तर तो ब्राउझरमधल्या सेशन कुकी उचलतो, आणि त्या वापरून हल्लेखोर आधीच लॉगिन झालेला असतो. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हा प्रचंड मोठा यूट्यूब चॅनल असाच हातचा गेला होता. जाहिरातीच्या प्रस्तावाचं सोंग घेतलेली एक फाइल कर्मचाऱ्याने उघडली आणि सेशन गेलं. पासवर्ड बदलून किंवा आणखी एक की लावून अशा वेळी भागत नाही. आधी यंत्र साफ करायचं, मग ‘सगळीकडून लॉगआउट’ दाबायचं, मग पासवर्ड. क्रम उलटा केला तर नवं सेशनही त्याच चोराकडे जातं.

दुसरं, खऱ्याच साइटवर घडवून आणलेली फसवणूक. टीव्हीवर एखादं अॅप चालू करताना पडद्यावरचा छोटा कोड फोनवर भरतो, ती सोय आठवा. हल्लेखोर आपल्या यंत्रासाठी तसा कोड काढतो आणि ‘बैठकीला जोडण्यासाठी हा कोड टाका’ म्हणून तुम्हाला पाठवतो. तुम्ही जाता ते पान खरं, डोमेन खरं, की आनंदाने सही करते, आणि लॉगिन त्याच्या यंत्रावर होतं. आपण स्वतः सुरू न केलेल्या कामाचा कोड कुठेही भरायचा नाही, याला दुसरा उपाय नाही.

तिसरं, आणि लेखाच्या नावातली खिडकी ती हीच. बहुतेक सेवा की लावल्यावरही एसएमएस, फोन कॉल, पर्यायी ईमेल हे जुने रस्ते चालूच ठेवतात. खोटं पान मग सरळ लिहितं, ‘तुमची की चालत नाहीये, दुसरा पर्याय निवडा.’ माणूस एसएमएस निवडतो आणि आपण पुन्हा दलालाच्या गोष्टीत येऊन पोचतो. किंवा चोर तुमच्या वाटेलाच जात नाही. मोबाइल कंपनीला फसवून तुमचा नंबर आपल्या सिमवर घेतो आणि पासवर्ड बदलतो. ९ जानेवारी २०२४ ला अमेरिकेच्या रोखे आयोगाचं एक्सवरचं खातं याच सिम स्वॅपने गेलं, आणि बिटकॉइनच्या ईटीएफला (शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडाला) मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा त्यावरून झाली. त्या खात्यावरचं द्विस्तरीय लॉगिन आदल्या वर्षीच्या जुलैपासून बंद होतं, म्हणजे नंबर हाती आल्यावर पासवर्ड बदलायला दुसरा अडसर उरला नव्हता.

म्हणून दोन्ही की नोंदवून झाल्यावर खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन एसएमएस काढायचा. राखीव कोड घेऊन कागदावर छापून ठेवायचे, प्रत्येक कोड एकदाच चालतो. हे कोड फोनच्या फोटोंत किंवा त्याच ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं म्हणजे किल्ली कुलपालाच टांगून जाणं. काही सेवा नंबर पूर्ण काढू देत नाहीत. तिथे निदान सिमला पिन लावा आणि मोबाइल कंपनीकडे सिम बदलण्याविरुद्ध काही अडसर मिळतो का ते पाहा. गूगल खातं असेल तर त्यांचा अॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन हा पर्याय ही खिडकी बरीचशी लावून टाकतो. मग खातं परत मिळवणं अवघड होतं, पण तेच तर हवंय.

फोनातली पासकी की ही?

फोनात आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये बनणारी पासकी डोमेन तपासण्यात यूबिकीइतकीच कडक असते, तिला वेगळे पैसे लागत नाहीत आणि फोन बदलला तरी ती मागोमाग येते. सामान्य खात्यांना तीच वापरावी, उगाच शंभर साइटसाठी की काढत बसू नये. फक्त त्या सगळ्या पासकी ज्या एका क्लाउड खात्यात साठतात, त्या खात्याला यूबिकी लावावी. पेटी एका ठिकाणी, तिचं कुलूप दुसऱ्या ठिकाणी.

दुसऱ्या कंपन्यांपैकी गूगलची टायटन ही की २०२३ पासून २५० पासकी ठेवते, म्हणजे मोजणीत ती पुढे आहे, पण पीजीपी किंवा स्मार्टकार्डची कामं करत नाही. नायट्रोकी ३ चं फर्मवेअर खुलं आहे आणि अद्ययावतही करता येतं. फर्मवेअर बदलता येऊ नये हा वरचा मुद्दा ज्यांना पटला नाही त्यांनी ती बघावी. जोडीतली एक यूबिकी आणि दुसरी वेगळ्या कंपनीची घेणंही वाईट नाही. यूक्लीकसारखा दोष पुन्हा निघाला तर दोन्ही एकदम अडचणीत येत नाहीत.

हरवली तर

घाबरायचं नाही, पण उद्यावरही टाकायचं नाही. कपाटातली की घेऊन वहीतल्या यादीप्रमाणे एकेका खात्यात जा, ‘जुडग्यातली’ काढून टाका, मग नवी आणून नोंदवा. सापडलेल्या माणसाला कीवर तुमचं नाव दिसत नाही. दुसरा घटक म्हणून लावलेल्या खात्याला त्याच्याकडे पासवर्ड नाही, पासकीला पिन नाही आणि आठच संधी. उघडी असते ती फक्त सहा आकडी कोडांची यादी, तीही पासवर्ड लावायला विसरला असाल तरच.

आणि हे सगळं हरवण्याची वाट न बघता एकदा करून बघा. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, आपल्याच ईमेल खात्याचा पत्ता टाका, ‘पासवर्ड विसरलात?’ दाबा आणि साइट तुम्हाला काय काय विचारते ते शेवटपर्यंत वाचत जा. शेवटी ‘शेवट ४७ असलेल्या नंबरवर कोड पाठवू का?’ असं काही दिसलं, तर खात्याचं कुलूप अजूनही तो नंबरच आहे.